दार फळणी

नववी ब मध्ये सरांनी विचारलं होतं,
"पेझारकर, तुमच्यात दसरा असतो का?"
यंदा त्याच दिवशी आमची दार फळणी, म्हणाले मी.
कोणाला कळलं नाही. हसले सगळे. मीही.

आता टेंभी नाक्यावर ढोल,
आणि आत आम्ही, पांढऱ्या कपड्यांत,
काल संध्याकाळपासून पाण्याचा थेंब नाही.
वर गॅलरीत शेवटच्या बाकावर
अविगायल जीभ काढून दाखवते, किती सुकली ते.
खाली योनातान
वडिलांच्या सिसीथआड घड्याळ बघताना
पकडला जातो, तिसऱ्यांदा.

हज्जान सगळ्यांच्या वतीने क्षमा मागतात.
माझी एकच आहे, आणि ती
त्यांच्या यादीत नसणार:
मार्चमध्ये आम्ही अश्दोदला चाललोय,
हे कस्तुरी तारमळेला
मी अजून सांगितलेलं नाही.

शोफार वाजतो. फाटक उघडतं.
बाहेर तीच, कधीपासून उभी,
घामाने ओल्या मुठीत आपट्याचं पान:
मधोमध जोडलेलं,
दगडी पाट्यांच्या जोडीसारखं, पण कोरं.

"घे सोनं."
मी मनुकांच्या सरबताचा पेला
तिच्याच हातात देते आधी.

"सुटला ना उपास?"

अजून नाही, म्हणते मी.
थांब जरा.