प्रश्न क्रमांक चौदा

क्लांगच्या त्या कारखान्यात मी दोनच दिवस होते,
दुभाषी म्हणून, रोजावर.
तपासणीला मारिटबाई आल्या होत्या रॉटरडॅमहून.
एक्याऐंशी प्रश्नांचा अर्ज, आणि चालून चालून पाय दुखणार नाहीत असे बूट.

आधी आम्हाला काम दाखवलं.
साखळीला टांगलेले चिनी मातीचे हात,
बोटं खाली, हजारोंनी,
रबराच्या चिकात बुडी मारून भट्टीत शिरणारे,
भट्टीतून निघून पुन्हा चिकाकडे.
त्यांना घाम नाही, नखं नाहीत,
त्यांनी कधी कुणापुढे पसरलेले नाहीत स्वतःला.
शेवटी उभा असतो तो माणूस.
तापल्या हातावरचा मोजा सोलून काढतो,
की पुढचा, की पुढचा.
मोजायला यंत्र आहे.
बारा तासांची पाळी मोजायला मात्र भिंतीवर घड्याळ नव्हतं.

मग कॅन्टीनमागची खोली. पंखा. पाण्याच्या बाटल्या.
हिमलाल घर्ती, बागलुङ, वय एकोणतीस.
पासपोर्ट कुणाकडे असतो?
"माझ्याकडे," तो म्हणाला, आणि खिशातून काढून समोर ठेवला.
मी पानं उलटून बाईंना दिली.
बाहेर अंगाची लाही होत होती, खोलीत पंखा गरम वारा ढकलत होता,
आणि पासपोर्ट गार होता.
गार, म्हणजे आतूनच.
त्या आवारात गारवा एकाच खोलीत होता:
साहेबाच्या, जिथे लोखंडी कपाट आहे.

गारव्याचं भाषांतर माझ्या करारात बसत नव्हतं.
दुभाष्याने बोललेलं सांगायचं, बस.
मी पुढचा प्रश्न वाचला.

चौदावा.
तुम्ही इथे आपखुशीने काम करता का?
आमच्याकडे म्हणतात आफूखुसी.
हिमलाल जरा पुढे झुकला.
"दिदी, हा शब्द एक आहे की दोन?"
मी म्हटलं, एकच.
"मग अवघड आहे," तो म्हणाला.

त्याने हिशेब सांगितला, उत्तर नाही.
दलालाला तीन लाख, व्याज महिना शेकडा तीन,
वहिनीची तिलहरी गहाण, मग विकलेली.
"आलो तो आपणहून.
विमानात चढताना कुणी ढकललं नाही.
आता खुशीचं म्हणाल, तर..."
आणि तो टेबलावरच्या बाटलीचं बूच लावत बसला,
लागलेलंच होतं ते.

बाई लेखणी धरून थांबल्या. हो की नाही?
चौकटी दोनच होत्या.

तेव्हा मी ते केलं, ज्याचे मला पैसे मिळत नाहीत.
म्हटलं, मारिट, त्याच्या पासपोर्टला हात लावून बघा.
त्यांना वाटलं, शिक्का खोटा आहे.
उजेडाकडे धरला, उलटा केला,
मग अचानक तळहात त्यावर टेकवून
गप्पच राहिल्या.
नंतर समासात बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं, डच भाषेत.
ती मला येत नाही.

अकरा महिन्यांनी म्हणे माल बंदरातच अडला.
दलालाचे पैसे कंपनीने परत केले, हप्त्यांनी.
व्याजाचा रकाना अर्जावर नव्हता.
तिलहरीचा तर नव्हताच.

परवा दातांच्या दवाखान्यात खुर्चीत आडवी होते.
डॉक्टरीणबाईंनी खोक्यातून मोजा ओढला,
मनगटाशी फटकन वाजवला, म्हणाल्या, आ करा.
जिभेवर रबराची चव आली,
आणि मी तोंड मिटलं.
"दुखलं का?"
नाही म्हटलं. मान हलवून. ते भाषांतर सोपं होतं.

हिमलाल अजून तिथेच आहे, आता रात्रपाळीला.
पासपोर्ट उशीखाली ठेवतो, सांगत होता,
कोपरे घामाने दुमडलेत.
"ती बाई पुन्हा आली, तर तेवढा प्रश्न
तोडून दोन करायला सांगा.
पहिल्याचं उत्तर माझ्याकडे तयार आहे."

फोन मध्येच तुटला.
बहुतेक भोंगा झाला असेल.