कानसेन

एकतीस वर्षं मी महापालिकेच्या गळतीशोधात काढली.
रात्री एक ते चार, रस्ता निजला की
लोखंडी सळई डांबरावर टेकवायची,
वरच्या पितळी वाटीला कान लावायचा
आणि खाली, मातीच्या पोटात,
फुटका पाइप कुजबुजतो का ते बघायचं.
भोईवाड्यात, काळाचौकीत, रे रोडच्या गोदामांमागे
मी म्हटलं "इथे खणा" की तिथेच पाणी.
खात्यात मला कानसेन म्हणायचे.

घरी यज्ञेश म्हणाला,
"बाबा, नळ माझं नाव घेतोय."
मी म्हणालो, "गप झोप."

एकवीसचा होता. डिप्लोमाचं शेवटचं वर्ष.
आधी मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी,
मग खिडकीला वर्तमानपत्र,
मग ताट आधी आईने चाखायचं.
शालन चाखायची. निमूट. भातातला एक घास इकडून,
एक तिकडून.
मी ओरडायचो, नाटकं पुरे.
मेव्हणा म्हणाला, बाहेरचं आहे.
वरच्या मजल्यावरच्या प्रभूबाई म्हणाल्या, लग्न करून टाका.
दंडाला काळा दोरा बांधला, तोही त्याने बांधून घेतला,
इतका दमला होता.

परळच्या इस्पितळातली डॉक्टरीणबाई
माझ्या धाकट्या भाचीएवढी.
तिने कागदावर लिहून दिलं: स्किझोफ्रेनिया.
घरी येईपर्यंत बसमध्ये मी तो शब्द पुटपुटत राहिलो,
नव्या साहेबाचं नाव पाठ करावं तसा.
"यात कोणाची चूक नाही," ती म्हणाली होती,
आणि शालन तिथेच, नंबर पुकारणाऱ्या शिपायासमोर, रडली.
गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरली होती तिने.
हे मला त्या दिवशी कळलं.

गोळ्यांनी आवाज एकदम गेले नाहीत.
वजन वाढलं, बोटं थरथरू लागली.
त्याने गोळ्या सोडल्या
तेव्हा मी त्या कुटून वरणात घातल्या.
त्याला कळलं.
घरात कोणीतरी जेवणात काहीतरी कालवतं
असं वाटायचं ना त्याला?
मी ते खरं करून दाखवलं.
ती गळती बुजवायला दीड वर्ष गेलं.

मी डॉक्टरीणबाईला विचारलं,
तो म्हणतो आवाज येतात, तर मी हो म्हणू की नाही?
"तुम्हाला येतात?"
नाही.
"त्याला येतात?"
हो.
"मग दोन्ही सांगा."

दोन्ही. एवढंच.
मला जे ऐकू यायचं ते साहेबाला येत नव्हतं,
मुकादमाला येत नव्हतं,
आणि तरी मला कोणी दोरा बांधला नाही. पगार दिला.
यज्ञेशचे आवाज म्हणजे पाइप नव्हे,
खणलं तर काही सापडणार नाही, हे कळतं मला.
पण कान लावायला कुठे खणावं लागतं?

आमच्याकडे पहाटे साडेचारला पाणी येतं.
त्याआधी नळ नुसता वारा सोडतो, फुसफुसतो.
यज्ञेश मोरीच्या उंबऱ्यावर बसलेला असतो.
मी स्टूल घेऊन शेजारी.
"बाबा, ऐकलंत?"
"मला हवा ऐकू आली. तुला?"
कधी सांगतो. कधी सांगत नाही.
कधी गुडघे हलायला लागतात त्याचे,
मग मी बादली पुढे करतो,
आणि आम्ही पिंप भरतो, मग शेजाऱ्यांचं पिंप भरतो.
काही रात्री बादलीने भागत नाही.
तेव्हासाठी डॉक्टरीणबाईचा नंबर फ्रिजवर आहे,
त्याच्याच अक्षरात.

दहा ते एक तो कॉटन ग्रीनला खतीबशेठच्या दुकानात
फोटोफ्रेमच्या काचा पुसतो.
मध्ये चार महिने गेला नाही.
शेठने दुसरा माणूस ठेवला नाही, कारणही विचारलं नाही.
लोक मला विचारतात, बरा झाला का?
मी सांगतो, काल कामाला गेला होता.

आज पाणी उशिरा आलं.
मी दोन कप चहा मोरीपाशीच आणला.
त्याने घोट घेतला, थांबला, मान तिरकी केली.
"काय म्हणतायत?" मी विचारलं.
"ते काही नाही म्हणत," यज्ञेश म्हणाला.
"मी म्हणतोय. साखर विसरलात."