नऊ काडतुसं

इंगवले सरकारांची रायफल विलायतेहून आली
ती मेणकापडात, पिवळ्या ग्रीसमध्ये बुडालेली.
रॉकेल, जुन्या धोतराच्या चिंध्या आणि वेताची काठी घेऊन
अब्बा दोन दिवस तिला आंघोळ घालत बसले.
तिसऱ्या दिवशी बोल्ट काढला, नळीला डोळा लावला,
आणि म्हणाले, "बघ गं जैबुन, काय दिसतंय?"

मी चौदा वर्षांची. नळीच्या त्या टोकाला
जोतिबाचा डोंगर, पावलीएवढा,
भोवती पीळ घेत गेलेलं चकचकीत लोखंड.
"डोंगर," मी म्हटलं.
"मला धुकं दिसतंय."
डिसेंबरची भर दुपार होती.
त्यानंतर आम्ही दोघं त्याविषयी बोललो नाही.

केर्लीच्या पुढं सोडून दिलेली खाण.
पंचगंगेच्या वाळूची चार पोती, त्यांवर
खासबागेतल्या कुस्तीची जाहिरात, पाठ पुढे करून,
तिच्यावर दौतीच्या बुडानं काढलेलं वर्तुळ.
सरकारांनी काडतुसं नऊ दिली होती, मोजून.
रिकामी झालेलीही मोजून परत हवी होती.

खांद्याशी दुमडलेलं गोणपाट.
"श्वास सोड. सगळा न्हवं. अर्धा सोड आन् थांब.
खटका वढू नको, लिंबू पिळतात तसा दाब.
कवा सुटली ते तुलाबी कळू नये."

मला कळलं. सगळ्या खाणीला कळलं.
पारवे उडाले. दातावर दात आपटला.
डोळे उघडले तर अब्बा कागदाकडे बघत होते,
दिसत असल्यासारखे.

"कुठं?"
"डावीकडं. चार बोटं."
मागच्या खाचेला पितळेचा ठोका, केसभर उजवीकडे.
"गोळी जिकडं हवी तिकडं खाच. माशीचं उलटं."
दुसरी मधोमध बसली.
मग शंभर यार्डांवर तीन, एकमेकींशेजारी,
तिन्ही वर्तुळाच्या खाली.

नळी निवेपर्यंत भाकरी आणि खर्डा.
खांदा जांभळा होत होता, मी घास डाव्या हातानं घेत होते.
अब्बांनी हातरुमालातून कानस काढली.
"माशी घासली की गोळी वर चढती.
पर घासलेलं परत येत न्हाई, ध्यानात ठेव."
आणि ती माझ्याच हातात दिली.

ज्वारीच्या दाण्याहून लहान ती माशी.
तीन ओढी. फुंकर. एक गोळी.
अजून दोन बोटं कमी.
मग एकच ओढ, अर्धा श्वास सोडून.

शेवटच्या तिनांसाठी नवी जाहिरात लावली.
तीन भोकं, एका रुपयाखाली झाकतील अशी,
मधल्या खुणेपेक्षा दोन बोटं वर.
"वर का ठेवायची, अब्बा?"
"सुटली की ती पडायलाच लागती, बेटा.
लांब पोचायची असंल तर थोडी आभाळाकडं धरावी लागती."

सरकार दुकानात आले. कागद उजेडात धरला.
"शिकलगार, नजर शाबूत आहे हं तुमची."
"घरातच हाय, सरकार," अब्बा म्हणाले,
आणि नऊ रिकामी काडतुसं एकेक करून फळीवर उभी केली.
चाळीस रुपये मिळाले. कागद तिथंच राहिला.

पुढच्या वर्षी कायदा आला.
दाजीपूरचे गवे चरत राहिले.
ती रायफल निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा व्हायची,
निकालानंतर वाड्यावर परत, आणि मधे एकदा
तेलपाण्यासाठी माझ्याकडे. मी बोट फिरवायचे माशीवरून.
घासलेली जागा अजून हाताला लागते.

कागद उलटून मी फार उशिरा पाहिला,
अब्बा गेल्यावर, ट्रंक आवरताना.
दोन मल्ल समोरासमोर, हात सलामीला पुढे केलेले,
आणि माझ्या तिन्ही गोळ्या
त्यांच्या मधल्या वीतभर जागेतून पार गेलेल्या.
हातांना लागलेल्या नाहीत.
हात अजून पोचायचेत.