भुसावळ

प्रेक्षक नाहीत, हे आधी समजून घ्या, हर्षदा फेगडे म्हणाली,
बंद जिनिंगच्या आवारात, ट्रॉलीवर उभी राहून.
नुसतं बघायला आला असाल तर झाड व्हावं लागेल,
आणि झाडालाही चिठ्ठी मिळेल.

मे महिना. फैजपुरात दिवसभर पत्रे तापलेले,
म्हणून खेळ दिवेलागणीनंतर.
तलवारी गादीच्या फोमच्या, वर चंदेरी टेप.
दाढ्या केळीच्या धाग्याच्या, घाम आला की गळ्यात उतरायच्या.
वार लागला का, हे ज्याला लागला त्यानंच ठरवायचं
(हा नियम मी दोनदा विचारून घेतला).
मेलात तर डोक्यावर हात ठेवून वजनकाट्यापाशी बसा,
तिथे माठ आहे.
डोक्यावर हात असलेला माणूस कुणालाच दिसत नाही.

आणि 'थांबा' म्हटल्यानं कुणी थांबणार नाही,
खेळात सगळेच थांबा थांबा ओरडतात, पळणारेसुद्धा.
खरंच थांबायचं असेल तर म्हणायचं, भुसावळ.
का? टेमलाल पावरानं विचारलं.
अरे, तिथे कोणती गाडी थांबत नाही?

चिठ्ठीत एक नाव, एक इच्छा, एक न बोललेली गोष्ट.
शेवट हर्षदाकडेही नव्हता.
माझ्या चिठ्ठीत: तू गोदू. पुरात तुझा भाऊ पलीकडे राहिला.
नावाडी परत गेला नाही. का, ते तुला माहीत नाही.

मी सरकारी दवाखान्यात रक्त तपासते.
दिवसभर दुसऱ्यांची नावं बाटल्यांना चिकटवते,
आज एक मला चिकटलं.

पहिला अर्धा तास हसूच येत होतं.
नदी म्हणजे चुन्याच्या दोन रेघा.
पण ती ओलांडताना भारंबे मास्तरांनी
पायजमा घोट्यावर घेतला,
आणि त्यानंतर कुणी हसलं नाही.

नावाडी मुबारक तडवी. एरवी पंक्चर काढतो.
झाडूच्या दांड्याचं वल्हं पुसत बसला होता.
माझा भाऊ?
नाव लहान होती, म्हणाला.
किती लहान?
एका माणसानं लहान.
मग गोदूची भाषा सुटली माझ्या तोंडातून,
अमळनेरची, आईची अहिराणी वर आली,
मना भाऊले काबरं नही लयना रे?
आणि माझ्या मुठीत त्याची कॉलर. फोमची नव्हे.

गोदूला एकच भाऊ. मलाही एकच, सुरतेला.
आईच्या तेराव्यापासून बोलणं नाही,
एका पितळी हंड्यावरून.
हंडा माझ्याकडे आहे. त्यात रद्दी.

भुसावळ, कुणीतरी म्हणालं.
सगळे थांबले. मढं उठून बसलं, पाठ खाजवली.
झाडानं चष्मा पुसला.
आवाज माझाच होता, हे मला मुबारकनं सांगितलं,
तांब्या पुढे करत. ताई, कॉलर सोडा आता.

पुढे जायचं? हर्षदानं विचारलं.
मी मेलेलाच राहू ना? टेमलालनं विचारलं.

पुढे गेलो. नाव परत नेली मुबारकनं, मला बसवून.
पलीकडे कुणी नव्हतं.
भावाची चिठ्ठी कुणाला दिलीच नव्हती.

शेवटी गोलात उभं राहून
ज्यानं त्यानं आपलं नाव उतरवलं.
मी आता नावाडी नाही.
मी आता झाड नाही, कॉलेजातली पोर म्हणाली, जरा नाराजीनं.
मग शेवभाजी आली. चिठ्ठ्या परत घेतल्या.
माझी हरवली, असं मी सांगितलं.

साडेअकराला स्कूटी कडेला लावून फोन केला.
एवढ्या रात्री? तो म्हणाला. बरं आहे ना? कुठे आहेस?
भुसावळ, म्हटलं.
त्याच्या मागे लूम चालू होते, बराच वेळ तेच ऐकू आले.
मग म्हणाला, कोणत्या गाडीनं येतेस?
उधन्यालाच उतर. सुरतेपर्यंत जाऊ नको.