पंचेचाळीस किलो

रविवारी वाचनालयात कविता वाचायची आहे.
फिरकेबाईंचा बुधवारीच फोन आला,
नवीन आणा हं, मागच्या वेळची नको.
मी हो म्हणालो. हो म्हणायला काय लागतं.

गुरुवारी मोटारसायकल काढून तापीवर गेलो.
पाणी होतं. पुलावरून एक एसटी गेली.
म्हैस धुणारा माणूस म्हणाला, काय हरवलं का?

शुक्रवारी पालच्या घाटात.
सागाची पानं एवढाली, हत्तीच्या कानाएवढी,
हे सुचलं तेव्हाच वाटलं, हे कुणीतरी लिहून ठेवलंय,
बहुधा मीच, अकरावीत.
वही कोरी नेली, कोरी आणली,
केळीच्या चिकाचा एक डाग तेवढा लागला तिला,
तो आता वही फाटेपर्यंत जायचा नाही.

शनिवारी रात्रपाळी.
सावद्याबाहेर, रावेर रस्त्याला आमचा वजनकाटा.
गाडी रिकामी चढते, आकडा लिहितो.
भरून येते, आकडा लिहितो.
मोठ्यातून लहान वजा. उरेल ती केळी.
बावीस वर्षं मी उरलेलंच लिहीत आलो.

पावणेबाराला पुंडलिक नेहेतेंची गाडी काट्यावरून उतरली.
पावती घेऊन ते दिव्याखाली उभे, ओठ हलवत.
मग टोपीतून दुसऱ्या काट्याची पावती काढली,
दोन्ही शेजारी धरल्या
आणि माझ्या खिडकीत डोकं घातलं :
"माह्ये पंचेचाळीस किलो कुठी गेले, भो?"

काटा झाडला. खालचा चिखल पाहिला.
बॅटरी घेऊन पत्र्याखाली वाकलो, एक बेडूक निघाला,
त्याचं वजन ते कितीसं.
शेवटी ड्रायव्हरच डोकं खाजवत बोलला :
रिकामी केली तेव्हा क्लिनर आत निजला होता.
भरून आणली तेव्हा नव्हता.

रेमसिंग बारेला. एकोणीस वर्षांचा, काडी.
काट्यामागे डिझेलच्या पिंपावर उभा,
हात लांब करून फोन रस्त्याकडे धरलेला,
जसा कुणी अंधाराला प्रसाद देतोय.
गाडी गेली की फोन तोंडाशी आणायचा, सांगायचा,
आयशर. ही दहाचाकी. थांब, मोठी येतेय.
बाकी त्याच्या बोलीत, मला निम्मंच कळलं :
डोंगरापलीकडे पाडा आहे, तिथवर रस्ता नाही.
बहिणीचं पोर तापानं जागं आहे.
त्याला गाड्या ऐकायच्यात.

नेहेते शिवी घेऊनच आले होते,
ती तोंडात तशीच राहिली.
रस्ताही नेमका तेव्हाच रिकामा.
पलीकडून बारीक आवाज, अजून एक, अजून एक.
नेहेते वळले, चपला फटफटवत आपल्या गाडीपाशी गेले,
केबिनच्या खिडकीतून कोपरापर्यंत हात घातला
आणि हॉर्न दाबून धरला.
सावद्याची कुत्री उठली.
फोनमधून हसू आलं, खोकला आला, परत हसू.

"आता पावती दुरुस्त कर," ते मला म्हणाले.

खात्री हवी म्हणून रेमसिंगला एकट्याला काट्यावर उभा केला.
टनांची सवय असलेलं यंत्र,
माणसापाशी जरा अडखळलं.
शून्य, चाळीस, शून्य,
मग पंचेचाळीसवर थांबलं.
फोन त्याच्या कानाला होता, बोलणं चालू होतं.
त्या पोराचं वजन आलं नाही.

मी आकडा बघत बसलो.
मागच्या गाडीनं दोनदा लाईट मारला तरी.

रद्द झालेली पावती फाईलला लावायची असते,
शेटजी सकाळी मोजतात.
तिची मागची बाजू कोरी होती.
नाही लावली.