राखणदार मरतो तेव्हा

लातूरला, ट्यूशन एरियात, रविवारी दुपारी
फिजिक्सवाल्या सरांचा हॉल आम्हाला तीनशे रुपयांत मिळतो.
फळ्यावर त्यांनी काढलेलं भिंग, त्यातून वाकलेले किरण,
खाली लाल अक्षरांत : पुसू नये.
आम्ही पुसत नाही.
नऊ टेबलं, अठरा पोरंपोरी, एक कूलर,
आणि मी, पंच.
मोबाइल दुरुस्तीचं दुकान बंद ठेवून येतो,
काखेत नियमांची झेरॉक्स, स्पायरल केलेली, दोनशे बारा पानं.

टेबल सहावरनं हात वर झाला.
मन्मथ बिराजदार, अकरावी.
समोर निदा सय्यद, नववी, तोंडात बडीशेप.

"सर, हिनं वणवा टाकला. सगळं मैदान साफ.
माझी चारी कार्डं गेली.
पण त्यातलं एक राखणदार हाय.
त्याच्यावर काय लिवलंय वाचा की."

वाचलं.
आपलं कोणतंही कार्ड मैदानातून गेलं की एक कार्ड उचलावं.

"म्हंजे मी चार उचलणार."
"कामून? राखणदारच मेला ना. मेलेला कसा मोजायलाय?"
"ते तिघं आधी गेले."
"आधी कुठं? एकदमच की."

एकदमच.
हा शब्द आमच्या घरात दोन वर्षं मुक्कामाला होता.
वडील औशाच्या तहसिलीत अव्वल कारकून,
भूकंपानंतर वारसाच्या फायली घरी आणायचे.
एका छताखाली नवरा-बायको, बाप-लेक,
पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना
एकदमच.
कायद्याला मात्र कोणीतरी शेवटचा लागतो.
पुरावा नसेल तर धाकटा मागं राहिला असं धरायचं,
थोरल्याचं त्याच्याकडं, मग त्याच्याकडनं पुढं.
वडील 'धरायचं'खाली पेन्सिलीनं रेघ ओढायचे
आणि उठून माठातलं पाणी प्यायचे.
एका रात्री किती तांबे, मी मोजलेत.

"सर, झोपलाव का?"
नाही रे. पान शोधतोय.
नियम सहासष्ट, पोटकलम क :
एकदम गेलेल्यांत पुढंमागं नाही.
जाणारा, जायच्या आधीचं मैदान बघून जातो.

दोनदा वाचलं.
मग कार्ड ट्यूबलाइटकडं धरून पुन्हा बघितलं.
'दुसरं कोणतंही' असं कुठं नाही. नुसतं 'कोणतंही'.
म्हणजे तिघांना त्यानं पाहिलं,
तिघांसोबत स्वतःलाही.
"चार," मी म्हणालो.

मन्मथनं अशी थाप मारली की
शेजारच्या टेबलावरचे फासे खाली पडले.
निदा चावायची थांबली. हळूच विचारलं,
"सर, उचलावं आहे, की उचलता येईल?"

मराठीच्या पेपरात हिला कोण अडवणार.

उचलावं.

मन्मथच्या गड्डीत तीन कार्डं होती.
एक. दोन. तीन.
चौथ्याला हात गेला तो सनमायकाला लागला.
रिकाम्या गड्डीतून उचलायची वेळ आली की डाव गेला,
हा नियम तीन नंबरचा. दुसरीतल्या पोरालाही पाठ असतो.

कूलरचा आवाज एवढा मोठा आहे हे कुणाला माहीत नव्हतं.

"मी गप बसलो असतो तर?"
"तर मी शून्य म्हणालो असतो कदाचित.
चुकलो असतो."
"आन् मी जिंकलो असतो."
"आणखी एक खेळी मिळाली असती. पुढचं मला सांगता येत नाही."

तो फळ्यावरच्या भिंगाकडं बघत बसला.
मग चारी कार्डं एकदम गोळा केली,
टोकं टेबलावर ठोकून सारखी केली,
आणि निदाला म्हणाला,
"खाली निलंगा राईसचा गाडा लागलाय, खायलीस का?
पैसे तू दे. जिंकलीस ना."

मी समासात तारीख टाकली,
सहासष्ट-क पुढं, पेन्सिलीनं.
रेघ ओढली नाही.
पाण्याची बाटली घरीच राहिली होती.
टेबल दोनवर हात वर होता.