तार संपते तिथे

ईव्रेआच्या पुढे तार संपते.
आजवर इथे सगळे उतरायचे,
फलाट ओलांडून डिझेलच्या डब्यांत बसायचे,
आणि मधल्या नऊ मिनिटांत ओंदिना
त्रेचाळीस कॉफ्या काढायची. मोजून.

आता कुणी उतरत नाही.
नवी गाडी दोन्ही डगरींवर हात ठेवून आली आहे:
तार आहे तोवर तारेची,
नसेल तेव्हा पोटातल्या तेलाची.

देल्फो शेजारी बसलाय, मला शिकवायला.
निवृत्तीला सोळा दिवस.
मांडीवरची पुस्तिका अजून उलटी.
"खांब एकशे बारा. पेंटोग्राफ खाली."
मी बटण दाबते. वरची कुरकुर थांबते.
इंजिन अजून जागं झालेलं नाही.

अकरा सेकंद
आम्ही कुणाचेच नसतो.
नुसत्या आधीच्या वेगावर
दोनशे माणसं, सायकली,
फोंतीना चीजचं एक अख्खं चाक
नदीच्या कडेकडेनं घरंगळत जातं,
कुणाला पत्ताही नसतो.

मग पायाखाली घरघर.

देल्फो श्वास सोडतो.
"हे पुस्तिकेत नाही," म्हणतो,
आणि थर्मास उघडतो. ओंदिनाची कॉफी,
दोन मिनिटांच्या थांब्यात खिडकीतून दिलेली.
पैसे तिनं पूर्ण घेतले.